पहिली, एकमेव, सर्वांत उंच

पुच्चीनीच्या 'तुरांदोत' या ऑपेरात पेकिंगच्या राजकन्येचा पण मोठा कठोर आहे. लग्नाची मागणी घालणाऱ्या राजपुत्राला ती तीन कोडी घालते. तिन्ही सुटली तर लग्न, एक जरी चुकलं तर शिरच्छेद. दुसऱ्या अंकात एक परका राजपुत्र, कालाफ, तिच्यासमोर उभा राहतो. रोज रात्री जन्मतं आणि पहाटे मरतं ते काय? आशा. ज्वाळेसारखं उसळतं पण ज्वाळा नव्हे ते काय? रक्त. तुला पेटवतो आणि तुझ्या आगीने आणखीच गोठतो, असा बर्फ कोणता? तुरांदोत, म्हणजे ती स्वतःच.

तिन्ही कोडी सुटल्यावर राजकन्या शब्द फिरवू पाहते. तेव्हा कालाफ तिलाच एक प्रश्न घालतो : पहाटेपर्यंत माझं नाव शोधून काढ, सापडलं तर मी मरायला तयार आहे. त्या रात्री शहरात कोणीही झोपायचं नाही, असं फर्मान निघतं. तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीचं 'नेस्सून दोर्मा' हे गाणं त्या फर्मानाच्याच शब्दांनी सुरू होतं. 'कोणीही झोपू नये' हाच त्याचा अर्थ.

सामान्यज्ञानाचे प्रश्न तयार करणाऱ्याने हे दोन्ही प्रकार शेजारी ठेवून बघावेत. राजकन्येच्या कोड्यांत शिरायला वाट आहे. उत्तर आधी ठाऊक नसलं तरी शब्दांना धरून त्याच्यापाशी पोचता येतं. कालाफच्या प्रश्नात वाटच नाही. नाव माहीत असेल तर असेल, नाहीतर रात्रभर जागूनही ते सुचायचं नाही. मात्र त्याच्या प्रश्नाला एक गोष्ट आहे, जी कोड्यांना नाही : पक्कं कुंपण. माणसाला नाव एकच, त्यामुळे उत्तर एकच. बर्फाच्या कोड्याला कोणी 'मृत्यू' म्हणाला असता तर वाद घालायला जागा होती.

चांगल्या प्रश्नाला वाटही लागते आणि कुंपणही. प्रश्नमंजुषेत जे वाद होतात ते बहुतेक कुंपण तुटल्यामुळे, आणि जी कंटाळलेली शांतता पसरते ती वाट नसल्यामुळे. कुंपण तुटतं ते ठरावीक तीन शब्दांपाशी : पहिला किंवा पहिली, एकमेव, आणि सर्वांत अमुक. हे शब्द प्रश्नात आले की पुढची अट एकेक अक्षर तपासून घ्यावी.

'पहिली'पासून सुरुवात करू, कारण नामवंत स्त्रियांवरचे निम्मे प्रश्न याच शब्दावर उभे असतात. 'देशाचं नेतृत्व करणारी जगातली पहिली स्त्री कोण?' हा प्रश्न सर्रास विचारला जातो आणि त्याला निदान चार उत्तरं आहेत. पहिली पंतप्रधान हवी असेल तर सिरिमावो बंदारनायके. २१ जुलै १९६० रोजी त्या तेव्हाच्या सिलोनच्या पंतप्रधान झाल्या. 'राष्ट्राध्यक्ष' हे पद पहिल्यांदा मिळालं इसाबेल पेरॉन यांना, १९७४ मध्ये अर्जेंटिनात. त्या उपाध्यक्ष होत्या आणि पतीच्या निधनामुळे अध्यक्ष झाल्या. मतदारांनी थेट निवडून दिलेली पहिली राष्ट्राध्यक्ष म्हणजे आइसलंडच्या विग्दीस फिनबोगादोत्तिर, १९८०. आणि राजघराण्याबाहेरची राष्ट्रप्रमुख एवढीच अट ठेवली, तर या सगळ्यांच्या आधी १९४० मध्ये तुवा या छोट्या प्रजासत्ताकाच्या प्रमुखपदी आलेल्या खेर्तेक आंचिमा-तोका आहेत. चारही उत्तरं खरी. खोटं काही असेल तर तो चौघींना एकाच पिशवीत कोंबणारा प्रश्न. 'पंतप्रधान' हा एक शब्द घातला की कुंपण पुरं होतं. मग त्यात वाटही ठेवावी : 'जिच्या देशाचं नाव पुढे १९७२ मध्ये बदललं.' ज्याला बंदारनायके हे नाव आठवत नाही तोही सिलोनचं श्रीलंका झालं इथपर्यंत पोचतो, आणि तिथून नाव हाताशी येतं.

अमेलिया इअरहार्टच्या बाबतीत घोटाळा अधिक बारीक आहे. 'अटलांटिक विमानाने ओलांडणारी पहिली स्त्री' ही ती १९२८ मध्येच झाली, पण तेव्हा ती प्रवासी होती. विमान विल्मर स्टुल्ट्झने चालवलं होतं आणि लुई गॉर्डन मेकॅनिक होता. एकटीने, स्वतः विमान चालवत तिने महासागर ओलांडला तो मे १९३२ मध्ये. न्यूफाउंडलंडमधल्या हार्बर ग्रेसहून उडून ती सुमारे पंधरा तासांनी उत्तर आयर्लंडमधल्या एका कुरणात उतरली. दोन्ही वेळा व्यक्ती तीच, त्यामुळे 'कोण' विचारलं तर बिघडत नाही. 'कोणत्या वर्षी' विचारलं की लगेच बिघडतं. प्रश्न तयार झाल्यावर त्याचं प्रश्नार्थक सर्वनाम बदलून पाहावं : कोण, कधी, कुठे, कशातून. ज्या रूपात उत्तर डळमळतं तिथे अट अपुरी आहे.

एव्हरेस्टवर पोचलेली पहिली स्त्री जुंको ताबेई, १६ मे १९७५. त्यानंतर अकराच दिवसांनी, २७ मे रोजी, फंथोग ही तिबेटी गिर्यारोहक उत्तरेकडून शिखरावर पोचली, आणि त्या बाजूने चढलेली ती पहिली स्त्री. तसंच अंतराळात. व्हॅलेंटिना तेरेश्कोवा १६ जून १९६३ रोजी 'वोस्तोक ६'मधून गेली, जवळजवळ तीन दिवसांत पृथ्वीभोवती ४८ फेऱ्या मारून परतली. यानाबाहेर पडून अंतराळात वावरलेली पहिली स्त्री मात्र स्वेतलाना साविट्स्काया, जुलै १९८४. 'अंतराळात चालणारी' आणि 'अंतराळात जाणारी' यांत तोंडी प्रश्न विचारताना दोनच अक्षरांचा फरक पडतो, आणि मागच्या रांगेत तो ऐकू जात नाही. वाचून दाखवायच्या प्रश्नात 'यानाबाहेर' हा शब्द हवाच.

न्यूझीलंडने १९ सप्टेंबर १८९३ रोजी स्त्रियांना मतदानाचा हक्क दिला. निवडणुकीला उभं राहण्याचा हक्क तिथल्या स्त्रियांना मिळाला थेट १९१९ मध्ये. 'स्त्रियांना राजकीय हक्क देणारा पहिला देश' असा ढोबळ प्रश्न टाकला तर फिनलंडचं नाव घेणारा स्पर्धक बरोबर बोलतोय असं मान्य करावं लागेल. तिथे १९०६ मध्ये दोन्ही हक्क एकत्र मिळाले, आणि १९०७ च्या निवडणुकीत १९ स्त्रिया संसदेत पोचल्या.

'एकमेव' हा शब्द त्याहून जास्त तापदायक आहे, कारण तो सिद्ध करायला उरलेलं सगळं जग तपासावं लागतं. 'दोनदा नोबेल मिळवणारी एकमेव व्यक्ती मारी क्युरी' हे वाक्य आजही अधूनमधून छापून येतं. लायनस पॉलिंग, जॉन बार्डीन, फ्रेडरिक सँगर आणि बॅरी शार्पलेस यांनाही ते दोनदा मिळालेलं आहे. क्युरीबाईंबाबत खरं असलेलं वाक्य असं : दोन वेगवेगळ्या विज्ञानशाखांत नोबेल मिळवणारी एकमेव व्यक्ती, १९०३ मध्ये भौतिकशास्त्रात आणि १९११ मध्ये रसायनशास्त्रात. पॉलिंगचंही एक 'एकमेव' आहे : कोणाबरोबरही वाटून न घेतलेली दोन नोबेल त्याच्या एकट्याच्या नावावर आहेत, १९५४ चं रसायनशास्त्राचं आणि १९६२ चं शांततेचं. पण क्युरींवर प्रश्न करायचाच असेल तर मला 'एकमेव' टाळून केलेला हा जास्त आवडतो : '१८९८ मध्ये सापडलेल्या एका मूलद्रव्याला अशा देशाचं नाव दिलं गेलं, जो तेव्हा जगाच्या राजकीय नकाशावर नव्हता. ते मूलद्रव्य कोणतं?' उत्तर पोलोनियम. यात इतिहासाकडून येता येतं, भूगोलाकडून येता येतं आणि रसायनाकडूनही.

झेंड्यांच्या प्रश्नांत 'एकमेव' फार सापडतो, आणि तिथे तो पुष्कळदा खराही असतो. चौकोनी नसलेला एकमेव राष्ट्रध्वज नेपाळचा. इथे 'राष्ट्रध्वज' हा शब्द ढिला सोडून नुसतं 'ध्वज' म्हटलं, तर अमेरिकेतल्या ओहायो राज्याचा शेपटीसारख्या दोन टोकांचा ध्वज कोणीतरी पुढे करेल, आणि तो बरोबर असेल. चौरस राष्ट्रध्वज मात्र दोन आहेत, स्वित्झर्लंड आणि व्हॅटिकन सिटी, म्हणून तिथे 'एकमेव' चालत नाही.

नेपाळचा ध्वज कसा काढायचा हे त्या देशाच्या संविधानाच्या परिशिष्टातच पायरीपायरीने लिहिलेलं आहे. तो कागदावर एकदा तरी काढून बघावा, कारण नुसत्या वर्णनावरून त्याचा आकार डोक्यात बसत नाही. समजा पाया ३० सेंटिमीटरचा घेतला. खाली डावीकडून उजवीकडे ३० सेंटिमीटरची आडवी रेघ काढायची; डावं टोक अ, उजवं ब. अ पासून सरळ वर उभी रेघ, लांबी पायाच्या एक तृतीयांशाने जास्त, म्हणजे ४० सेंटिमीटर. तिचं वरचं टोक क. या उभ्या रेघेवर अ पासून ३० सेंटिमीटरवर ड हा बिंदू, आणि ब-ड ही तिरकी रेघ. या तिरक्या रेघेवर ब पासून ३० सेंटिमीटर मोजून इ हा बिंदू घ्यायचा. चुकणारे इथेच चुकतात : ते तिरक्या रेघेचा मध्य घेतात, आणि मग दोन्ही त्रिकोणांचं प्रमाण बिघडतं. इ मधून पायाला समांतर अशी आडवी रेघ काढायची. ती डावीकडच्या उभ्या रेघेला पायापासून सुमारे २१.२ सेंटिमीटरवर छेदते. त्या छेदबिंदूपासून उजवीकडे बरोबर ३० सेंटिमीटरवर ग. शेवटी क आणि ग जोडायचे. अ, ब, इ, ग, क आणि परत अ, अशी ध्वजाची किरमिजी बाह्यरेषा तयार होते. निळी किनार या मापांच्या बाहेर येते, म्हणून किनारीसकट मोजलं की प्रमाण बदलतं. वरच्या भागात चंद्र, खालच्या भागात बारा किरणांचा सूर्य. १६ डिसेंबर १९६२ रोजी हे रूप ठरलं. त्याआधी चंद्रसूर्यांना चेहरे होते.

झेंडा चित्रात दाखवून ओळखायला सांगणं सगळ्यांत सोपं वाटतं, आणि सगळ्यांत जास्त अन्याय तिथेच होतो. इंडोनेशिया आणि मोनॅको, दोघांचेही ध्वज वर लाल, खाली पांढरे. फरक प्रमाणात : इंडोनेशियाचं २:३, मोनॅकोचं ४:५. पडद्यावर सगळी चित्रं एकाच चौकटीत बसवण्यासाठी ताणली किंवा कापली, की हा एकुलता एक फरकही पुसला जातो. चाड आणि रोमानिया यांचे उभे निळे-पिवळे-लाल पट्टे तर प्रमाणातही सारखे आहेत. चाडची निळाई किंचित गडद, एवढंच, आणि प्रोजेक्टरवर ती छटा टिकत नाही. हा योगायोग घडला कसा, हाच खरा प्रश्नाचा ऐवज आहे. चाडने आपला ध्वज १९५९ मध्ये घेतला, तेव्हा रोमानियाच्या ध्वजावर मध्यभागी साम्यवादी राजवटीचं बोधचिन्ह होतं. डिसेंबर १९८९ च्या क्रांतीत लोकांनी ते चिन्ह कापून काढलं, मधोमध भोक पडलेले झेंडे रस्त्यांवर फडकले, आणि चिन्ह गेल्यावर उरला तो चाडसारखाच ध्वज. 'कोणत्या युरोपीय देशाच्या ध्वजातून १९८९ मध्ये मधलं चिन्ह कापल्यावर तो एका आफ्रिकी देशाच्या ध्वजासारखा दिसू लागला?' या प्रश्नाला चित्र लागतच नाही.

लिक्टेनस्टाइन आणि हैती यांना तर आपले ध्वज सारखे असल्याचं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये कळलं. दोन्हीकडे वर निळा, खाली लाल. पुढच्याच वर्षी लिक्टेनस्टाइनने निळ्या पट्ट्यावर मुकुट चढवला. आयर्लंड आणि आयव्हरी कोस्ट यांच्यात हिरवा-पांढरा-नारिंगी क्रम उलटा आहे. तोंडी विचारताना 'डावीकडून' म्हणू नये, कारण झेंड्याच्या मागे उभं राहिलं की डावं उजवं होतं. 'दांड्याकडून' म्हणावं. दांड्याकडे हिरवा तो आयर्लंडचा.

'अमेरिकेचा पहिला ध्वज कोणी शिवला?' हा प्रश्न तर काढूनच टाकावा असं मला वाटतं. बेट्सी रॉसचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिने १७७६ मध्ये तो शिवल्याची कथा जाहीरपणे सांगितली ती तिच्या नातवाने, १८७० मध्ये. त्या काळातला कागदोपत्री पुरावा नाही. रॉसबाई झेंडे शिवत असत हे मात्र खरं आहे. ज्याला हे सगळं ठाऊक आहे तो स्पर्धक अशा प्रश्नापुढे गप्प राहतो आणि ज्याला अर्धवट ठाऊक आहे तो गुण घेऊन जातो. जास्त जाणणाऱ्याला शिक्षा होते, याहून वाईट दोष प्रश्नात असू शकत नाही.

'सर्वांत उंच', 'सर्वांत मोठं', 'सर्वांत लांब' ही भूगोलाची दुखणी आहेत. कुठून मोजायचं हे न सांगता उंची विचारणं म्हणजे आडात नाही ते पोहऱ्यात मागणं. समुद्रसपाटीपासून मोजलं तर एव्हरेस्ट, ८८४८.८६ मीटर. पायथ्यापासून शिखरापर्यंत मोजलं तर हवाईमधला मौना केआ : समुद्राच्या वर फक्त ४२०७ मीटर, पण समुद्रतळापासून १० हजार मीटरहून अधिक. आणि पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलं तर एक्वादोरमधला चिंबोराझो. तो समुद्रसपाटीपासून ६२६३ मीटर, म्हणजे एव्हरेस्टपेक्षा अडीच हजार मीटरहून जास्त बुटका. तरी त्याचं शिखर केंद्रापासून एव्हरेस्टच्या शिखरापेक्षा सुमारे दोन किलोमीटर लांब आहे. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आणि विषुववृत्तावर फुगलेली आहे, विषुववृत्तीय त्रिज्या ध्रुवीय त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटर जास्त. चिंबोराझो विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर, एव्हरेस्ट २८ अंशांवर. हे कारण माहीत असणारा स्पर्धक चिंबोराझोचं नाव कधी ऐकलं नसलं तरी 'विषुववृत्ताजवळचा अँडीजमधला पर्वत' इथपर्यंत विचाराने पोचतो.

वाळवंटाचंही तसंच. व्याख्या पावसावर आहे, वाळूवर नाही. म्हणून सर्वांत मोठं वाळवंट अंटार्क्टिका, सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर. सहारा हवं असेल तर 'उष्ण' हा शब्द घालावा लागतो. सरोवरांत कॅस्पियन क्षेत्रफळाने, बायकाल खोलीने, सुपीरियर गोड्या पाण्याच्या क्षेत्रफळाने. तिथे अट लिहिली की काम झालं.

भूगोलाचा माझ्या लेखी उत्तम प्रश्न वेगळाच आहे, आणि त्यात 'सर्वांत' नाही : 'पनामा कालव्यातून अटलांटिककडून पॅसिफिककडे जाणारं जहाज साधारण कोणत्या दिशेला जातं?' अटलांटिक पूर्वेला, पॅसिफिक पश्चिमेला, म्हणून तोंडातून आपोआप 'पश्चिमेला' निघतं. पनामाची संयोगभूमी आडव्या झोपलेल्या इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली आहे, त्यामुळे कालव्याचं पॅसिफिककडचं तोंड अटलांटिककडच्या तोंडाच्या पूर्वेला येतं. जहाज जातं आग्नेयेला. नकाशा डोळ्यांपुढे आणता आला तर एकही नाव पाठ नसताना हा प्रश्न सुटतो.

राजधान्यांचे प्रश्न शिळे होतात. कझाकस्तानचंच पाहा. १९९७ मध्ये राजधानी अल्माटीहून अकमोलाला गेली, १९९८ मध्ये अकमोलाचं अस्ताना झालं, २०१९ मध्ये नूर-सुलतान, आणि २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना. अस्ताना या कझाक शब्दाचा अर्थच 'राजधानी'. जुन्या प्रश्नसंचातून उचललेल्या अशा प्रश्नावर तो कधीचा आहे याची तारीख नसेल तर तो वापरू नये. प्रत्येक प्रश्नाच्या कोपऱ्यात 'शेवटची पडताळणी' म्हणून महिना आणि वर्ष लिहून ठेवणं ही साधी सवय आहे, आणि ती निम्मे वाद टाळते. बोलिव्हिया, नेदरलँड्स, दक्षिण आफ्रिका हे तीन देश तर राजधानीच्या थेट प्रश्नातून वगळावेत. सुक्रे संविधानाने राजधानी पण सरकार ला पाझमध्ये. अ‍ॅमस्टरडॅम राजधानी पण कारभार हेगमधून. आणि दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया, केप टाउन, ब्लूमफाँटेन अशी तीन ठिकाणी वाटणी. उलट बाजूने विचारलं तर हेच देश सुरेख प्रश्न देतात : 'कोणत्या देशाची संसद, प्रशासन आणि सर्वोच्च अपील न्यायालय तीन वेगवेगळ्या शहरांत आहेत?'

शोधांबद्दल 'अमक्याचा शोध कोणी लावला' असं विचारूच नये, इतकं ठाम मी म्हणेन. शोध हा बहुधा जिन्यासारखा असतो आणि आपण शेवटच्या पायरीवर उभ्या असलेल्याचं नाव घेतो. वाफेचं इंजिन म्हटलं की जेम्स वॉट. पण थॉमस न्यूकोमनचं इंजिन १७१२ मध्ये खाणीतलं पाणी उपसत होतं, आणि वॉट जन्मला १७३६ मध्ये. वॉटने केलं ते असं : न्यूकोमनच्या इंजिनात वाफ थंड करण्यासाठी सिलिंडरमध्येच पाणी मारत, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला सिलिंडर गार व्हायचा आणि तो पुन्हा तापवण्यात कोळसा वाया जायचा. वॉटने वाफ थंड करायला वेगळं भांडं जोडलं आणि १७६९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. मग प्रश्न विचारावा तो या वेगळ्या भांड्यावर. टेलिफोनचंही पेटंटच धरावं. अलेक्झांडर ग्रॅहम बेलचा अर्ज १४ फेब्रुवारी १८७६ चा. त्याच दिवशी, त्याच कार्यालयात एलिशा ग्रेनेही आपली कल्पना नोंदवली. बेलला पेटंट मिळालं ७ मार्चला, आणि तारेवरून समजेल असं पहिलं वाक्य त्याने आपला मदतनीस वॉटसनला ऐकवलं १० मार्चला. पेटंट आधी, बोलणं नंतर.

इथे हेडी लमारचा उल्लेख करायलाच हवा, कारण तिच्यावरचे प्रश्न हल्ली फार चुकीचे फिरतात. व्हिएन्नात जन्मलेली ही चित्रपट अभिनेत्री 'वाय-फायची जनक' नव्हे. तिने संगीतकार जॉर्ज अँथाइलबरोबर ११ ऑगस्ट १९४२ रोजी पेटंट मिळवलं ते रेडिओने नियंत्रित होणाऱ्या टॉर्पेडोसाठी. शत्रूने संदेश जाम करू नये म्हणून पाठवणारा आणि ऐकणारा, दोघांनीही एकाच वेळी, एकाच क्रमाने लहरींची वारंवारता बदलत राहायची. दोन्ही टोकांचा मेळ राखायला भोकं पाडलेल्या कागदाच्या गुंडाळ्या, आपोआप वाजणाऱ्या पियानोत असतात तशा. आणि वारंवारता ८८, पियानोच्या पट्ट्यांइतक्या. वारंवारता बदलण्याची कल्पना त्याआधी इतरांनीही मांडली होती, म्हणून 'पहिली' म्हणू नये. पण ८८ हा आकडा देऊन 'या आकड्याचा कोणत्या वाद्याशी संबंध?' असं विचारलं, की संगीत जाणणाऱ्याला लष्करी तंत्रज्ञानात शिरायला दार उघडतं. लमारचं कर्तृत्व फुगवून सांगायची गरज नाही. आहे तेवढंच पुरेसं थक्क करणारं आहे.

ऑपेरावर प्रश्न विचारले की अनेकजण लेखणी खाली ठेवतात. तसं व्हायचं कारण नाही, कारण ऑपेरात भूगोल ठासून भरलेला आहे. 'कार्मेन' आणि 'द बार्बर ऑफ सेव्हिल' दोन्ही सेव्हिलमध्ये घडतात, 'तोस्का' रोममध्ये, 'मादामा बटरफ्लाय' नागासाकीत. जपानी बंदर म्हणून सुगावा दिला तर ऑपेरा न ऐकलेलाही नेम धरू शकतो. 'आइडा' सुएझ कालव्याच्या उद्घाटनासाठी रचली गेली, हे मात्र सुधारून घ्यावं. कालवा उघडला नोव्हेंबर १८६९ मध्ये, आणि 'आइडा'चा पहिला प्रयोग झाला २४ डिसेंबर १८७१ रोजी कैरोत. कैरोचं ऑपेरागृह १८६९ मध्ये उघडलं ते 'आइडा'चा संगीतकार व्हेर्दी याच्याच 'रिगोलेत्तो'ने. 'आइडा' आणखी लांबली, कारण तिचे पडदे आणि पोशाख पॅरिसमध्ये तयार झाले होते, आणि फ्रान्स-प्रशिया युद्धात पॅरिसला वेढा पडला.

एखादी व्यक्ती या सगळ्या विषयांना एकत्र गुंफते, तेव्हा प्रश्न कसा घडतो ते तपशिलात पाहता येतं. नेली मेल्बा घेऊ. पहिला कच्चा खर्डा : 'पीच मेल्बा हा गोड पदार्थ कोणाच्या नावावरून ओळखला जातो?' यात उत्तर प्रश्नातच सांडलेलं आहे. दुसरा खर्डा : '१८६१ मध्ये जन्मून १८८७ मध्ये ब्रसेल्सला पदार्पण करणारी ऑस्ट्रेलियन गायिका कोण?' हा कालाफचा प्रश्न झाला. पाठ असेल त्यालाच येणार. तिसऱ्या खर्ड्यात सुगावे अवघडाकडून सोप्याकडे लावायचे. आधी १५ जून १९२० : चेम्सफर्डच्या मार्कोनी कारखान्यातून एका प्रसिद्ध सोप्रानोने रेडिओवर गाऊन दाखवलं. मग नाव : हेलन पोर्टर मिचेल म्हणून जन्मलेल्या या गायिकेने आपल्या जन्मशहराच्या नावावरून रंगमंचासाठी आडनाव घडवलं. मग देश : तिचं चित्र ऑस्ट्रेलियाच्या १०० डॉलरच्या नोटेवर आहे. शेवटी स्वयंपाकघर : लंडनमध्ये शेफ एस्कोफिएने तिच्या सन्मानार्थ पीच आणि आइस्क्रीमचा पदार्थ केला. प्रश्न : तिचं रंगमंचावरचं नाव काय? 'रंगमंचावरचं' हे कुंपण. ते नसेल तर 'हेलन मिचेल' हेही उत्तर स्वीकारावं लागेल, आणि ते तर आपणच सांगून बसलो आहोत. मेलबर्न आठवलं की आडनाव अर्धं तयार होतं.

वाचून दाखवायचा प्रश्न चाळीस शब्दांच्या वर गेला तर तो दोनदा वाचायचं आधीच ठरवावं, आणि विचारलेली गोष्ट शेवटच्या वाक्यात यावी. उत्तरपत्रिकेत मुख्य उत्तराशेजारी चालणारी उत्तरं आणि न चालणारी उत्तरंही लिहून ठेवावीत : 'मेल्बा' चालेल, 'मेलबर्न' चालणार नाही, 'स्वाझिलँड' लिहिलं तर २०१८ पासूनचं 'एस्वातिनी' धरून चालेल की नाही, हे प्रश्न वाचण्याआधी ठरलेलं असावं. परभाषेतल्या नावांच्या मराठी लेखनावर गुण कापू नयेत. 'कार्मेन'च्या संगीतकाराचं नाव बिझे, बीझे किंवा बिझेट, काहीही लिहिलं तरी लिहिणाऱ्याला माणूस माहीत आहे.

आणि तुरांदोत. तिसऱ्या अंकात 'नाव फक्त मलाच माहीत आहे' असं म्हणणारी दासी लिऊ हाती लागते. ती नाव न सांगता जीव देते. पुच्चीनीचं संगीत तिच्या मृत्यूपाशी थांबलं. तो नोव्हेंबर १९२४ मध्ये वारला, आणि पुढचा भाग त्याच्या टिपणांवरून फ्रांको अल्फानोने पुरा केला. २५ एप्रिल १९२६ रोजी ला स्काला नाट्यगृहातल्या पहिल्या प्रयोगात तोस्कानिनीने तिथेच वाद्यवृंद थांबवला. अल्फानोच्या शेवटात कालाफ स्वतःच तिला आपलं नाव सांगून टाकतो. पहाट होते, दरबार भरतो, राजकन्या सगळ्यांसमोर उभी राहून म्हणते, याचं नाव मला कळलं आहे. आणि नाव सांगते 'प्रेम'. तेव्हा प्रश्न 'परक्या राजपुत्राचं नाव काय' असा असेल तर उत्तर कालाफ. 'राजकन्या त्याचं नाव म्हणून दरबारात कोणता शब्द उच्चारते' असा असेल, तर दुसरं.